३४० जणांनी २ लाखांशी टक्कर द्यावी का?

वाचकाचं पत्र: आम्ही तिघं मिळून जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर एक छोटा चर्चामंच चालवतो. एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर याच विषयाचा २ लाख सदस्यांचा गट आहे. वर्षभरापूर्वी तिथले नियम बदलले, बरेच जण चिडले आणि त्या तिरिमिरीत हा मंच निघाला. पहिल्या महिन्यात ३४० जणांनी नोंदणी केली. आता आठवड्याला ४-५ नवे धागे (म्हणजे मंचावरच्या चर्चा) निघतात, त्यातल्या निम्म्यांवर एकही प्रतिसाद येत नाही. १४ विभाग केलेत, त्यातले ९ ओस पडलेत. एक सहकारी म्हणतो, जाहिरातीवर पैसे घालू. दुसरा म्हणतो, बंद करून टाकू. छोटे मंच मोठ्यांच्या तोडीस तोड उभे राहू शकतात का, की आमचा हा नुसता हट्ट आहे?

उत्तर:

नमस्कार,

सदस्यसंख्येत तुम्ही त्यांना कधीच गाठणार नाही, तेव्हा तो विषय आजच सोडून द्या. पण ‘मशीन अडलं आहे, काय करू?’ असं विचारणाऱ्याला २४ तासांत कामाचं उत्तर मिळणं आणि तेच उत्तर पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला शोधून सापडणं, या बाबतीत १५ माणसांचा मंच २ लाखांच्या गटाला सहज मागे टाकतो. तिथे नवीन पोस्ट आली की जुनी खाली जाते. दोरा गुंतल्याचा तोच प्रश्न रोज कुणीतरी विचारतो, जाणकार चारदा उत्तर देतात, पाचव्यांदा कंटाळतात. आणि शेवटी बिघाड नक्की कशाचा निघाला, हे तर कुणी सांगायलाच येत नाही. तुमची जागा तिथे आहे.

आता तुमच्या ३४० कडे बघू. जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा: ऑनलाइन समूहात शंभरातले ९० वाचनमात्र असतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि १ जण सतत लिहितो. हा काही निसर्गनियम नव्हे, पण अंदाजाला बरा पडतो. ३४० ला लावून बघा: नेमाने लिहिणारे तीन-साडेतीन. म्हणजे तुम्ही तिघंच! निम्मे धागे कोरडे राहतात यात तुमचं काही चुकलेलं नाही, हात कमी आहेत. दुसरं असं की हे ३४० जण रागाने आले होते. रागाच्या भरात माणूस खातं उघडतो. दुसऱ्या मंगळवारी परत यायला त्याला वेगळं कारण लागतं.

याला मोठमोठे दाखले आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये डिग या दुवे टाकून मतं देण्याच्या साइटने आपली चौथी आवृत्ती आणली, वापरणारे भडकले आणि झुंडीने रेडिट या तशाच साइटवर गेले. ‘छोट्याने मोठ्याला पाडलं’ म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. सांगताना गाळलं जातं ते हे की रेडिट जून २००५ पासून चालू होतं. पाहुणे आले तेव्हा घर मांडलेलं होतं, चूल पेटलेली होती. याउलट २०२३ मध्ये खुद्द रेडिटने बाहेरच्या ॲपना रेडिटशी जोडून घेण्यासाठी लागणाऱ्या एपीआय या सोयीचे दर वाढवले, १२ जूनला हजारो उपमंच निषेध म्हणून बंद ठेवले गेले, अपोलो हे लोकप्रिय ॲप ३० जूनला बंद झालं, आणि लेमी व केबिन या पर्यायांवर अचानक गर्दी उसळली. रेडिट जागच्या जागी राहिलं. लेमी आजही चालू आहे, पण रेडिटपुढे लहानच. केबिनचं कामकाज मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर होतं. त्याचं मुख्य संकेतस्थळ २०२४ मध्ये बंद पडलं. वोट नावाचा आणखी एक पर्याय होता. दुसरीकडून हाकललेल्यांना आसरा देणं हीच त्याची ओळख होऊन बसली. २५ डिसेंबर २०२० ला तो मिटला.

म्हणून मुखपृष्ठावर ‘तिथल्या जाचाला कंटाळून’ वगैरे काही लिहिलं असेल तर ते काढा. नव्या माणसाला तुमच्या भांडणाशी कर्तव्य नसतं, त्याचं मशीन टाके सोडत असतं.

मोठे अमर असतात असंही नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. त्यांच्यासोबत तिथलं बरंचसं लिखाणही गेलं. पण ‘उद्या ते बंद पडेल’ असं सांगून आज कुणी तुमच्याकडे येत नाही. हा मुद्दा प्रचारासाठी वापरू नका, मंच कसा बांधायचा हे ठरवण्यासाठी वापरा.

मग छोटे टिकले कसे? बोर्डगेमगीक (२००० पासून) आणि रॅव्हलरी (२००७ पासून) नीट बघा. पहिल्यात प्रत्येक खेळाचं स्वतंत्र पान आहे आणि चर्चा त्या पानाला टांगलेली असते. दुसरं विणकामाचं, तिथे माणूस आपली लोकर, आपले नमुने, आपलं अर्धवट राहिलेलं स्वेटर यांची नोंद ठेवतो. कुणी प्रतिसाद दिला नाही तरी ती नोंद त्याच्या उपयोगाची असते. नेमकं हेच तुमच्याकडे नाही. आज तुमच्या मंचावर येणाऱ्याला दुसऱ्या कुणीतरी बोलल्याशिवाय काहीच मिळत नाही, आणि दुसरा बोलत नाही कारण तोही तिसऱ्याची वाट बघतोय.

तेव्हा पहिलं काम मॉडेलची पानं. सुरुवातीला ४० पुरेत. ज्यांचे प्रश्न सर्वांत जास्त येतात ती मॉडेल आधी घ्या. प्रत्येक पानावर ठरावीक रकाने ठेवा: सुई कोणत्या पद्धतीची (घरगुती मशीनला बहुधा १५×१, पण सगळ्यांना नव्हे), बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) १५ क्लासची की ६६ क्लासची, पट्ट्याची लांबी, तेल घालायच्या जागा खुणा केलेल्या फोटोसह, अनुक्रमांकावरून वर्ष कसं ओळखायचं, आणि त्या मॉडेलचे नेहमीचे तीन बिघाड. बॉबिनचा रकाना क्षुल्लक वाटेल. पण भलत्या क्लासची बॉबिन बसवली की टेन्शनचा (दोऱ्याच्या ताणाचा) स्क्रू कितीही पिळला तरी टाका जमत नाही, आणि माणूस आठवडाभर स्क्रूच पिळत बसतो. तिघांनी आठवड्याला प्रत्येकी एक पान केलं तरी १४ आठवड्यांत ४० होतात.

फोटो मात्र स्वतःच्याच सर्व्हरवर चढवा. २०१७ मध्ये फोटोबकेट या फोटो साठवणाऱ्या सेवेने दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली, आणि असंख्य मंचांवरच्या दुरुस्तीच्या धाग्यांत चित्रांच्या जागी सूचनेची पाटी दिसू लागली. ‘खालच्या फोटोत दाखवलेला स्क्रू सैल करा’ असं वाक्य, आणि खाली फोटोच नाही. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणि आकार ३०० केबीच्या आसपास ठेवला तर जागाही फार लागत नाही.

दुसरं, विभाग. १४ चे ३ करा: दुरुस्ती, मॉडेल, गप्पा. बास. रिकामा विभाग नव्या माणसाला ‘इथे कुणी राहत नाही’ एवढंच सांगतो. जुने धागे मात्र उडवू नका, नव्या विभागात हलवा आणि जुन्या दुव्यावरून माणूस नव्या जागी पोहोचेल अशी वळणं लावून ठेवा. नाहीतर शोधयंत्रांतून येणारी जी थोडीफार वाट आहे तीही बुजेल. नवा विभाग कधी काढायचा? एखाद्याच प्रकारचे धागे एकूण धाग्यांच्या तिसऱ्या हिश्शावर गेले आणि बाकीच्यांनी कुरकुर सुरू केली की. त्याआधी नको.

तिसरं काम सर्वांत कंटाळवाणं आहे आणि सगळी मदार त्याच्यावर आहे: लिहिणारे हात ३ वरून १२ करणं. ‘आमच्या मंचावर या’ हे आमंत्रण जवळजवळ कधीच लागू पडत नाही, कारण त्यात समोरच्याने येऊन करायचं काय हे नसतं. ३४० पैकी ज्यांनी कधीतरी एक जरी चांगला प्रतिसाद दिला असेल त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला वेगळं लिहा, एक नेमका प्रश्न घेऊन: ‘तुम्ही मागे शटलच्या टायमिंगवर लिहिलं होतं. या धाग्यातल्या फोटोत सुई सर्वांत खालून २ ते २.५ मिलिमीटर वर आल्यावरही शटलचं टोक तिच्यापर्यंत पोहोचलेलं दिसत नाही. हे टायमिंगचंच आहे ना?’ जाणकाराला असा प्रश्न समोर दिसला की राहवत नाही. एकाच मजकुराचं पत्र सगळ्यांना पाठवलंत तर तो मोह कुणालाच होणार नाही.

बारा जण झाले की पाळी लावा. रोज दोघं, आठवड्याचे सहा दिवस, रविवार ज्याला सवड तो. पाळीवाल्याला सगळी उत्तरं यायला हवीत असं नाही. काम एवढंच की कोणताही धागा २४ तास कोरडा राहता कामा नये. उत्तर माहीत नसेल तर पुढे लागणारी माहिती मागायची: मॉडेल, कापड कोणतं, सुई कधी बदलली, आणि टाक्याचा वरून एक व खालून एक असे दोन फोटो. हे चार मुद्दे नवा धागा काढायच्या चौकटीत आधीच छापून ठेवा, निम्मी विचारपूस वाचेल. ‘मशीन बिघडलं, प्लीज मदत’ अशी शीर्षकं पाळीवाल्याने बदलून मॉडेल आणि लक्षण घालावं आणि धागाकर्त्याला तसं कळवावं. न सांगता बदललं तर लोकांना लागतं.

खोट्या आयडींनी प्रश्न विचारून वर्दळ दाखवायचा मोह होईल. रेडिटच्या संस्थापकांनी सुरुवातीच्या दिवसांत हेच केलं होतं आणि पुढे ते उघडपणे सांगितलंही. तिथे ते दुवे टाकत होते, म्हणून खपलं. तुमच्याकडे तीनच लेखणी आहेत. चौथ्या धाग्याला लोक शैली ओळखतील, आणि डुआयडीचा (एकाच माणसाच्या दुसऱ्या, खोट्या खात्याचा) ठपका एकदा बसला की पुसला जात नाही. स्वतःच्या नावाने प्रश्न टाका, उघडपणे: ‘हा प्रश्न दुसरीकडे वारंवार दिसतो, एकदाच नीट सोडवून ठेवू.’

आता उत्तर साठवण्याबद्दल. धागा सुटल्यावर सात दिवसांनी धागाकर्त्याला आठवण करा: शेवटी काय निघालं? ते कळलं की चर्चेचा सार त्या मॉडेलच्या किंवा लक्षणाच्या पानावर ४-५ ओळींत लिहा. नमुना बघा. लक्षण: कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता. सगळे बॉबिनकडे बोट दाखवतात; पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि सैल सुटतो. उपाय: पाय वर करा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, मग पाय खाली करून दोरा ओढून बघा, ओढ जाणवली पाहिजे. तरीही गुंता झाला तर बॉबिनच्या कप्प्यात अडकलेले दोऱ्याचे तुकडे साफ करा, आणि बॉबिनचा स्क्रू सर्वांत शेवटी. हे एक पान मोठ्या गटातल्या शेकडो उत्तरांवर भारी आहे, कारण त्यात क्रम आहे.

ही पानं लॉगिन न करता वाचता आली पाहिजेत. बऱ्याच मंचांनी सदस्य वाढावेत म्हणून सगळं कुलपात ठेवलं आणि शोधयंत्रांना दिसेनासे झाले. गप्पांच्या ॲपवर गट काढायची सूचनाही लवकरच कुणीतरी करेल. किमान वर्षभर टाळा. तिथे जिवंत वाटतं हे खरं, पण ते उत्तर बाहेर कुणाला शोधून सापडत नाही आणि दोन दिवसांनी आत असलेल्यालाही सापडत नाही. शिवाय लिहिणारे बाराच आहेत. ते तिकडे बोलू लागले की मंचावर स्मशानशांतता.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळीच तपासा: ३४० पैकी किती जणांनी ईमेलची खातरजमा पूर्ण केली आहे? छोटे मंच याच ठिकाणी गुपचूप मरतात. नोंदणीचं पत्र स्पॅममध्ये पडतं, माणूस समजतो साइट बिघडली आहे आणि जातो. पत्र खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनला आहेत का बघा. नसतील तर पत्र पोहोचण्याची शाश्वती नाही. सर्व्हरवरून थेट न पाठवता एखाद्या ईमेल-सेवेमार्फत पाठवणं सोपं पडतं. मग आठवड्याचं एकच पत्र सुरू करा: सुटलेले तीन धागे आणि न सुटलेला एक. न सुटलेला सर्वांत वर ठेवा, वाचनमात्र जाणकार त्यालाच भुलतात.

जाहिरातीवर आत्ता पैसे घालू नका. जाहिरात माणसाला दारापर्यंत आणते. आत निम्मे प्रश्न अनुत्तरित दिसले की तो तिथूनच मागे फिरतो, आणि पुन्हा येत नाही. कोरड्या धाग्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली येऊन सलग दोन महिने टिकलं की मग हा विषय काढा. उत्पन्नासाठी जाहिराती घेण्याचा विचार असेल तर मेटाफिल्टरकडे बघा. १९९९ पासूनचा हा मंच, २००४ पासून नोंदणीला एकदाच ५ डॉलर घेत आला. त्या छोट्या रकमेने उपद्रवी लोक बरेच लांब राहिले. पण मोठं उत्पन्न शोधातून येणाऱ्या वाचकांना दिसणाऱ्या जाहिरातींचं होतं. २०१२ च्या अखेरीस गूगलकडून येणारी वर्दळ घसरली आणि २०१४ मध्ये काही मॉडरेटरना कामावरून कमी करावं लागलं. तुमचा खर्च तिघांच्या खिशाला न जाणवेल इतकाच ठेवा. मंच चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी पीएचपीबीबी साध्या सामायिक होस्टिंगवर चालतं. डिस्कोर्स या दुसऱ्याला किमान १ जीबी मेमरी आणि जोडीला स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) लागतो, २ जीबी असेल तर कटकट कमी.

डिस्कोर्स घेतलंत तर विश्वासपातळ्यांची (सदस्याच्या वावरानुसार हळूहळू मुभा वाढवण्याची) सोय फुकट मिळते: नवा सदस्य ५ धागे उघडून, ३० पोस्ट वाचून, १० मिनिटं वाचनात घालवल्यावर पहिल्या पातळीवर जातो, आणि तोपर्यंत त्याच्यावर दुवे, चित्रं वगैरेंची बंधनं राहतात. स्पॅम त्यात बराच अडतो. नव्यांची पहिली पोस्ट तपासणीसाठी रोखून धरायची सोयही आहे, पण ती पाळीवाला रोज रांग बघणार असेल तरच लावा. दोन दिवस रांगेत पडलेला प्रश्न म्हणजे गमावलेला माणूस.

नियम पाच ओळींत बसतील एवढेच ठेवा. काड्या टाकणारे उपरे तुम्ही लगेच ओळखाल. खरा धोका असतो घरच्या तुसड्या तज्ज्ञाचा. बारा जणांत असा एक पुरतो. उत्तर बरोबर असतं, पण आधी ‘मॅन्युअल वाचायचे कष्ट घेतलेत का?’ हे असतंच. त्याला एकदा खासगीत, उदाहरणासह सांगा. पुन्हा झालं तर नव्यांच्या धाग्यांवर लिहायला मनाई करा आणि मॉडेलची पानं त्याच्याकडे सोपवा. अशी माणसं तिथे खुलतात.

मोठ्या गटाशी वैर नको. तिथे पूर्ण उत्तर लिहा, आणि मगच, तिथल्या ॲडमिनची हरकत नसेल तर, पानाचा दुवा द्या. नुसता दुवा टाकलात की ती जाहिरात ठरते, आणि ते रास्तच आहे.

केबिनचं काय झालं ते विसरू नका. डोमेन आणि सर्व्हरच्या चाव्या किमान दोघांकडे असाव्यात. रोज रात्री बॅकअप, त्याची एक प्रत दुसऱ्या जागी, आणि दर तीन महिन्यांनी तो बॅकअप खरोखर उभा राहतो का याची चाचणी. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी अर्धवट निघतो, बहुतेकदा फोटोंशिवाय.

सहा महिने द्या. तोवर तुम्हा तिघांखेरीज निदान आठ जण महिन्यातून चारदा तरी लिहीत असतील, तर मंच उभा राहिला असं समजा. तेव्हाही तुम्हीच तिघं लिहीत असाल, तर बंद करू म्हणणाऱ्या सहकाऱ्याचं ऐका, पण सर्व्हर बंद करून नव्हे. मंच वाचनमात्र करा, त्याची साध्या एचटीएमएल पानांची प्रत काढून स्वस्तातल्या जागेवर ठेवा, आणि वेबपानांच्या जुन्या प्रती सांभाळणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानं जतन करा. मॉडेलची ४० पानं मोठ्या गटालाही हवीच असतील; तिथे जाऊन खुशाल लिहा आणि दुवे द्या. डोमेनचं नूतनीकरण तेवढं पुढची काही वर्षं चालू ठेवा. सोडून दिलेलं डोमेन बऱ्याचदा जुगाराच्या जाहिराती लावणारे उचलतात, आणि मग ‘गुंता कसा सोडवावा’ या दुव्यावर तुमचा वाचक भलतीकडेच पोहोचतो.